आधी तिला अजिंठा सांग

ताई, मी नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत अकरावीत शिकते. प्रवास, चित्रे आणि वाचन यांची मला मनापासून आवड आहे. यंदा आमची सहल अजिंठ्याला गेली होती. जाण्यापूर्वी मी ग्रंथालयातील पुस्तके वाचली आणि आल्यावर आठवडाभर खपून वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. मराठीच्या बाईंनी ‘ही माहिती आहे, लेख नाही’ असा शेरा मारून तो परत केला. माझ्या बाकावरची मैत्रीण कांद्याच्या लागणीमुळे सहलीला आली नव्हती. ‘आल्यावर सगळे सांग’ असे ती म्हणाली होती, तेही लेखाच्या नादात राहून गेले. आता लिहावेसेच वाटत नाही. सोबत पाठवलेला हा लेख परस्पर एखाद्या मासिकाकडे देऊ का?
— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा लेख मी लक्षपूर्वक वाचला, आणि बाईंनी तो परत केला याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. वाघोरा नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा, १८१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ, वाकाटक सम्राट हरिषेण, १९८३ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, हे सगळे त्यात आहे आणि बिनचूक आहे. परंतु यातील एकही वाक्य लिहिण्यासाठी तुला पहाटे उठून बसमध्ये बसण्याची गरज नव्हती. ते तुझ्या ग्रंथालयात सहलीच्या आधीपासून होते. मासिकाचा विषय मी येथेच बाजूला ठेवते.

मला बोलायचे आहे ते तुझ्या मैत्रिणीविषयी, जिला तू पत्रात एका वाक्यात उरकले आहेस. तुझ्या अजिंठ्याची खरोखर वाट पाहणारी अशी ती एकटीच होती. तुम्ही लेणी पाहत होता तेव्हा ती वाफ्यात वाकून रोपे लावत होती, आणि तिने तुझ्याकडे मागितले ते फक्त सांगणे. रोज तिच्या शेजारी बसूनही ते सांगून झाले नाही, याचा अर्थ तुला ते महत्त्वाचे वाटले नाही, एवढाच होतो. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकावर, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेवर, आपली मुलेसुद्धा दान करणाऱ्या राजपुत्रावर, तू मोठा परिच्छेद लिहिलास आणि मैत्रिणीला एक दुपार दिली नाहीस. मी हे कठोरपणे लिहीत आहे, कारण लेखातील उणीव आणि ही विस्मृती यांचे मूळ एकच आहे: आपण कोणाला सांगत आहोत, हे तुझ्या डोळ्यांपुढे नव्हतेच.

तिला सांगायला बसलीस की काय होईल ते पाहा. ती सनावळी विचारणार नाही. ती विचारील की आत अंधार होता ना, मग चित्रे दिसली कशी, आणि रंगवणाऱ्यांना तरी कशी दिसली असतील? कातळावर आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे कालवलेले, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, असे तू सांगितलेस की तूस कशासाठी, हा प्रश्न येईल. मातीत काम करणारी ती मुलगी बहुधा स्वतःच उत्तरही देईल आणि तेव्हा ऐकण्याची पाळी तुझी असेल. निळा रंग अफगाणिस्तानकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, म्हटल्यावर तो एवढ्या लांबून कोणी आणि कशाच्या बदल्यात आणला, हे तिला हवे असेल. जॉन स्मिथने दहाव्या लेण्यातील खांबावर कोरलेले आपले नाव आज माणसाच्या डोक्यापेक्षा उंच आहे. तो शिडी घेऊन आला होता का, असे तिने विचारले की ते लेणे त्या वेळी दगडमातीने किती भरलेले होते आणि तो त्या ढिगाऱ्यावर कसा उभा राहिला असेल, हे तुला प्रथमच खरोखर दिसेल. काही प्रश्नांपुढे तू अडशीलही. पहिल्या लेण्यातील कमळधारी बोधिसत्त्व पद्मपाणी दुःखी दिसतो की शांत, याला पुस्तकातील ‘करुणामय मुद्रा’ हे उत्तर चालणार नाही. तू त्याच्यापुढे किती वेळ उभी होतीस, मागून कोणी पुढे ढकलत होते का, मंद उजेडात आधी त्याचे डोळे दिसले की हातातील कमळ, हेच सांगावे लागेल. तुझा लेख तेथून सुरू होतो.

कोकणातील वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्या प्रवासाचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आज आपल्याला वाचायला मिळते, कारण इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्यांनी त्यांना हकिकत लिहून देण्याचा आग्रह केला. पुस्तक छापले गेले ते १९०७ मध्ये. भटजींना असा विचारणारा भेटायला कित्येक वर्षे जावी लागली. तुला तो पहिल्याच दिवशी, तुझ्याच बाकावर मिळाला होता, आणि त्याची किंमत तुला कळावी अशी माझी फार इच्छा आहे.

येत्या रविवारी तिच्या घरी जा. लेख नेऊ नकोस आणि मोबाईलमधील छायाचित्रेही दाखवू नकोस. सांगायला उशीर केला, चूक झाली, एवढे आधी म्हण. शेतातले काम चालू असेल तर तिच्या बरोबरीने वाफ्यात बस आणि हात चालवत सांग. फर्दापूरला आपली बस सोडून लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलात तेथून सुरुवात कर, आणि ती अडवील तेथे थांब. त्याच रात्री तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत उतरवून काढ, ज्यांची उत्तरे तुला देता आली नाहीत तेसुद्धा. नवा लेख त्या प्रश्नांवर उभा कर, जुन्यातील एकही ओळ त्यात घेऊ नकोस, आणि बाईंच्या हाती देण्यापूर्वी तो तिला वाचून दाखव.