ड्रुइडांच्या मागे लागण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. एम.ए. झाल्यावर प्राचीन केल्टिक धर्माचं पुरातत्त्व करायचं ठरवलंयस, छान आहे. पण तुझ्या पत्रात ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, इतक्या वेळा आलेत की आधी त्यांचाच निकाल लावतो.

ड्रुइड उत्खननात सापडत नाहीत. हा सांगाडा ड्रुइडाचाच, असं छातीठोकपणे म्हणावं असा एकही अजून हाती आलेला नाही. त्यांच्याबद्दल लिहिलं ते सीझर, प्लिनी, टॅसिटस या परक्या रोमनांनी. कुणी जिंकायला आलेला, कुणी ऐकीव माहितीवर विसंबलेला. इंग्लंडातलं स्टोनहेंजचं शिळावर्तुळ लोक त्यांच्या नावावर खपवतात, पण ते तर त्यांच्या दोनेक हजार वर्षं आधीचं. 1984 मध्ये इंग्लंडात लिंडोच्या दलदलीत डोक्यावर घाव घातलेला, गळ्याभोवती दोरी असलेला माणूस सापडला. त्याच्या आतड्यात बांडगुळाच्या परागांचे चार कण निघाले. ड्रुइड ओकवरचं बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापतात, असं प्लिनीने लिहून ठेवलेलंच होतं. झालं! चार कणांवर अख्खा पुरोहितवर्ग उभा राहिला. ते कण अन्नापाण्यातूनही पोटात गेले असतील, याकडे काहींनी काणाडोळाच केला.

मग धर्म दिसतो कुठे? उत्तर फ्रान्समधलं गुर्ने-सुर-आरोंद बघ. ज्याँ-लुई ब्रुनो यांनी 1977 पासून ते खणलं. चर आणि कुंपण घातलेली चौकोनी जागा, मध्ये मोठा खड्डा. म्हातारी गुरं मारून त्या खड्ड्यात टाकायची, मांस खायचं नाही, काही महिने कुजू द्यायचं. मग हाडं उचलून चरात मांडायची. कोवळी कोकरं आणि डुकरं मात्र माणसांनी खाल्लेली. शेजारी दोन हजारांच्या आसपास शस्त्रांचे तुकडे: तलवारी मुद्दाम वाकवलेल्या, ढालींचं लोखंड ठेचलेलं. लुटीचे ढीग पवित्र जागी रचतात, एवढं सीझरने लिहिलंय. पुढचं सगळं हाडांनी आणि गंजाने सांगितलं. सुरीच्या खुणा कुठे आहेत, कुठे नाहीत, हे एकेक हाड हातात धरून पाहिलं म्हणून देवाचं जेवण आणि माणसांचं जेवण वेगळं काढता आलं.

म्हणून तू आधी हाडं शिक. डेक्कन कॉलेजात त्याची जुनी परंपरा आहे, आणि तू पुण्यातच आहेस. मिथककथा नंतर वाच. आयर्लंडच्या कथा ख्रिस्ती मठांत, कितीतरी शतकांनी लिहिल्या गेल्या. लॅटिन हवंच. फ्रेंचही हवं, कारण गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या, उत्खननांचे अहवाल बहुतेक फ्रेंचमध्येच आहेत. जर्मनला थोडी सवड दे.

आणखी एक मोह खास आपल्याकडचा. डेन्मार्कच्या दलदलीत 1891 मध्ये गुंडेस्ट्रुपचं चांदीचं घंगाळ सापडलं, नऊएक किलोचं. त्यावर शिंगं असलेला, मांडी घालून बसलेला, जनावरांनी वेढलेला पुरुष आहे. तुला लगेच मोहेंजोदडोची, तशाच शिंगवाल्या पुरुषाची मुद्रा आठवेल, आठवूही दे. पण दोन्हींत दोन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि घंगाळाची घडण बाल्कनकडची वाटते. त्यावर प्रबंध लिहायला बसू नकोस.

पोटापाण्याचंही सांगतो. ब्रिटनमध्ये 1990 नंतर बहुतेक उत्खननं बांधकामाआधी, बिल्डरच्या पैशाने होतात. पगार बेताचा, चिखल भरपूर. देवस्थान नशिबी येईलच असं नाही. बहुधा जुन्या शेताचे बांध आणि खांबांचे खड्डेच. पण डोळे उघडे ठेव. वेल्समध्ये 1940 च्या दशकात विमानतळासाठी पीट (दलदलीतली कुजक्या वनस्पतींची माती) उपसताना एक साखळी निघाली, आणि मजुरांनी ती ट्रॅक्टरला लावून रुतलेल्या लॉऱ्या ओढल्या. लिन केरिग बाखच्या तळ्यात अर्पण केलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची, कैद्यांच्या गळ्यात अडकवायची साखळी होती ती!

हाडांच्या वर्गाला या सत्रातच नाव घाल, आणि लॅटिन कुठवर आलं ते कळव.

तुझा,
सर