देवापाशी बसलेली वेळ बाकीच्या मौजमजेपेक्षा मोठी, असं खरंच कुणाला वाटतं का?

वाटतं. मी स्वतः कच्चा आहे, पण माणसं पाहिलीत.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. मोझरीच्या गुरुकुंजात, म्हणजे त्यांच्या आश्रमात, पुण्यतिथी महोत्सवात संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा मोठा जनसागर, अन् चिटपाखराचाही आवाज नाही. आता हंगाम बघा: सोयाबीन सोंगणीचा. मजूर मिळत नाही, वरून आभाळ भरून येतं. तरी आमच्या गावातून गाडी निघतेच. काकांना म्हटलं, एक दिवस बुडतो ना? तर म्हणे, "त्या दोन मिनिटांसाठी सालभर वाट पाह्यतो गा मी."

मला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यतही आवडते, खोटं कशाला बोलू? धुरळा, आरडाओरडा, मजाच असते. पण घरी येईस्तोवर ती उतरलेली असते. गावातल्या संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत पहिली दहा मिनिटं माझ्या डोक्यात कापसाचा भावच फिरतो. मग खंजिरी वाजते, अन् कधीतरी तो भाव विसरतो. रोज नाही.

मोझरीला जायचं असेल तर दुपारीच पोहोचा, उशिरा गेलं की रस्त्यावरच उभं राहावं लागतं.