समुद्रावर इंजिन बंद पडलं तर?

प्रश्न : एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन समुद्रावर बंद पडलं, तर वैमानिकाच्या हातात काय उरतं?

उत्तर : उंची, आणि तिच्यातून मिळणारा वेळ. सेसना १७२ सारखं विमान ३,००० फुटांवरून, वारा नसताना, साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं. मात्र वेग ६५ ते ७० नॉट (ताशी साधारण १२० ते १३० किलोमीटर) सांभाळावा लागतो. आधी तो वेग, मग इंधनाची टाकी बदलणं, कार्बोरेटर हीट (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाला गरम हवा देणं), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) तपासणं. कित्येकदा दोष एवढाच असतो, की एक टाकी रिकामी झालेली असते किंवा कार्बोरेटरमध्ये बर्फ धरलेला असतो. इंजिन सुरू होत नसेल तर उंची असतानाच रेडिओवर 'मेडे', म्हणजे संकटाची हाक. आधीपासून कुणाशी संपर्क नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्‌झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा कोड.

उतरताना लोक वाऱ्याकडे बघतात, पण महत्त्वाची असते मोठी लाट. तिच्या रांगेला समांतर, माथ्यावर किंवा पाठीवर उतरायचं. समोरून येणाऱ्या लाटेच्या तोंडावर आदळणं म्हणजे भिंतीला धडकणंच. चाकं आत घेता येत असतील तर आतच ठेवावीत. बाहेर पक्की असतील तर ती पाण्यात अडकून विमान पालथं होऊ शकतं. म्हणून टेकण्याआधीच दार किंचित उघडून फटीत बूट किंवा जाड वही अडकवतात, नाहीतर सांगाडा वाकला की दार जाम होतं.

लाइफ जॅकेट अंगात आधीच हवं, पण फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलेलं जॅकेट पाणी भरताच माणसाला छताशी दाबून धरतं.