आवडत्या वादकाची जोडी कोणाशी जमावी? सेल्वागणेश यांचा कंजिरा आणि आपल्याकडचं खंजेरी भजन मंडळ

प्रश्न असा आहे: ‘तुमच्या आवडत्या संगीतकाराने कोणकोणत्या कलाकारांबरोबर एकत्र कार्यक्रम करावा असं स्वप्न आहे? तीन-चार नावं सांगा, आणि ते प्रत्यक्षात जमेल का तेही लिहा.’

तीन-चार नावं माझ्याकडे नाहीत. एकच आहे. व्ही. सेल्वागणेश यांचा कंजिरा (कर्नाटक संगीतातली छोटी खंजेरी) आणि विदर्भातल्या कुठल्याही खेड्याचं खंजेरी भजन मंडळ, एकाच सतरंजीवर, समोरासमोर. मंडळ मागे आणि पाहुणा पुढे असं नाही.

सेल्वागणेश म्हणजे भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र करणाऱ्या ‘शक्ती’ या बँडचे कंजिरावादक. सत्तरच्या दशकातल्या मूळ ‘शक्ती’त त्यांचे वडील विक्कू विनायकराम घटम वाजवायचे. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन आणि गणेश राजगोपालन यांच्यासोबत सेल्वागणेश ज्या अल्बमवर आहेत, त्याला २०२४ साली ग्रॅमी मिळालं. जगभरच्या मंचांवर एका हातात मावणारं वाद्य घेऊन बसणारा हा माणूस. आणि ते वाद्य आपल्या बुवांच्या हातातल्या खंजेरीच्याच घरचं आहे, नावावरूनच कळतं.

पण घर एक असलं तरी दोघांचा स्वभाव वेगळा, आणि जोडी जमते ती त्या वेगळेपणामुळे. कंजिऱ्याचं कडं फणसाच्या लाकडाचं, व्यास सात-आठ इंच, खाच एकच आणि तिच्यात बारक्या चकत्या. कातडं पातळ. त्याला आतून पाण्याचा हात लावला की ते सैल होतं आणि घुमारा खाली उतरतो. ज्या हाताने वाद्य धरलंय त्याच हाताची बोटं कडेजवळ दाबत गेलं की आवाज खालून वर सरकतो, पार डग्ग्याच्या मींडेसारखा. आपली खंजेरी मोठी, तिला चौफेर खाचा आणि प्रत्येक खाचेत झांजांची जोडी. तिचं काम घुमण्याचं नाही, छनकण्याचं. थाप कमी, छनक जास्त, आणि वाजवणारा स्वतःच मुख्य गायक. म्हणजे एकाकडे खर्ज आहे आणि दुसरीकडे झणत्कार. दोघं एकमेकांच्या जागेवर बसतच नाहीत. तबला-ढोलकी एकत्र वाजवली की बऱ्याचदा दोन्हींचा मधला आवाज एकमेकांत मिसळून गदळा होतो. इथे तो धोका नाही.

कोणी म्हणेल, दक्षिणेचंच आणायचं तर मृदंगम का नाही? मृदंगम गायकाच्या ‘सा’ला मिळवावा लागतो. तबल्याचंही तेच. आपली मंडळं गातात उंच पट्टीत, कुठे पेटीची काळी तीन, कुठे काळी चार, आणि चौकात भजन रंगलं की त्याच्याही वर. दक्षिणेतले पुरुष गायक बहुधा ‘एक कट्टै’च्या आसपास गातात, म्हणजे आपली पांढरी एक. कधी काळी एक, कधी पांढरी दोन. दोन्हीकडच्या पट्टीत इतकं अंतर असताना सुरात मिळवायचं वाद्य आणलं, की पहिला तास हातोडीतच जातो. कंजिऱ्याला ठरलेला ‘सा’ नसतो. मंडळाने पट्टी बदलली तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून कंजिरा.

आता तो प्रसंग सांगतो, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. एका तालुक्याच्या गावी लोककला आणि ऑर्केस्ट्रा एकत्र करायचा घाट घातला होता. मंडळ नऊ जणांचं: एक बुवा खंजेरीवर, एक पेटी, एक ढोलक, दोन टाळकरी, बाकी ध्रुपद (भजनाची पालुपदाची ओळ) धरणारे. समोर कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि शहरातून आलेला गायक. ध्वनितपासणी संध्याकाळी पाचला सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत गुंडाळली. पेटीचा ‘सा’ कीबोर्डपेक्षा चढा होता. मोबाइलवरच्या ट्यूनरने पाहिलं तर साधारण २० सेंट, म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा पाचवा भाग. कानाला हे स्पष्ट टोचतं. उपाय एका मिनिटाचा होता: कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये ४४० हर्ट्झच्या जागी ४४५ करायचं, झालं. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, कीबोर्डचा आकडा बदलता येतो. कोणी बदलला नाही. पेटीचा माइक बंद केला. मग खंजेरीकडे बोट गेलं: ‘भाऊ, तिचा बी माइक बंदच ठेवा, नुसता छनछनाट होऊन राह्यला.’ तोही बंद.

पुढे जे झालं ते होणारच होतं. ऑक्टोपॅडवाल्याने मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीचा लूप, म्हणजे आपोआप फिरत राहणारा ठेका, लावून दिला. मंडळाचं भजन कधी एका लयीत राहतच नाही. सुरुवात ऐंशी-पंच्याऐंशीला, दुसऱ्या अंतऱ्यानंतर शंभर, आणि शेवटच्या गजराला एकशेतीसच्या पुढे. ती चूक नाही, ती या गायकीची रीत आहे. लय चढली की ध्रुपदवाले उठून बसतात, टाळ उंच होतो, बुवा गुडघ्यावर येतात. लूप मात्र शंभरच्या पुढे सरकेना. तिसऱ्या अंतऱ्याला टाळ आणि लूप यांच्यात अर्ध्या मात्रेचं अंतर पडलं, चौथ्याला समच, म्हणजे तालाची पहिली मात्राच, हरवली. आणि मंचावरून उतरल्यावर शेरा काय मिळाला? ‘यांना ताल कळत नाही.’

ताल मंडळाला कळत होता. लूपला माणसं कळत नव्हती. मी तेव्हा मिक्सरजवळ उभा होतो, म्हणून छातीठोक सांगतो.

म्हणून या जोडीसाठी मला माणूसच हवा, आणि तोही गणिती. पण इथे उलटी अडचण येते, ती आधीच सोडवून ठेवली पाहिजे. कर्नाटक पद्धतीचा वादक शेवटाकडे ‘कोरवै’ घेतो. एक तुकडा तीनदा येऊन समेवर पडतो, आपल्या तिहाईसारखा, फक्त हिशेब लांब. सोपं उदाहरण घ्या. केरव्याच्या चार आवर्तनांच्या ३२ मात्रा. आठ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये चार-चार मात्रांची विश्रांती: ८+४+८+४+८, बरोबर ३२, आणि पुढची थाप समेवर. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर हे सगळं १६ सेकंदांत संपतं. या १६ सेकंदांत मंडळाने लय चढवली तर वादकाचा तुकडा समेच्या मागे पडेल. त्याने धावत गाठलं तरी गणिताची मजा गेली.

यावर उपाय असा की लय उतारासारखी चढवायची नाही, पायऱ्यांनी चढवायची. पहिले दोन अंतरे ९०, मग बुवांनी खंजेरी डोक्यावर नेऊन एक लांब छनक द्यायची आणि ११०, मग तसंच १३०. प्रत्येक पायरीवर निदान दोन मिनिटं थांबायचं. तालमीत मोबाइलच्या मेट्रोनोमवर तिन्ही लयी हातात बसवून घ्यायच्या, कार्यक्रमात मेट्रोनोम नको. कोरवै पायरीच्या मध्यावर घ्यायची, बदलाच्या तोंडाशी कधीच नाही.

टाळकऱ्यांना वेगळं बसवून सांगावं लागेल. तुकडा सुरू झाला की टाळकऱ्याचा कान तिकडे वळतो आणि हात नकळत तुकडाच वाजवू लागतो. मग सम धरून ठेवायला कोणीच उरत नाही. त्यांनी तेवढ्या वेळात फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळ द्यायचा, बाकी हात मांडीवर. ध्रुपदवाल्यांनीही त्या ३२ मात्रांत गप्प राहायचं. केरवा आणि कर्नाटकचा आदिताल, दोन्ही आठांचे, म्हणून तिथे भांडण नाही. दादऱ्याची भजनंही सहांत छान बसतात. पाच मात्रांचा खंड चापू किंवा सातांचा मिश्र चापू पहिल्या वेळी नकोच. सुंदर असतात, पण टाळकरी बावचळतात.

आवाजाची बाजू तर सर्वांत जास्त दुर्लक्षित. गावात सप्ताहाला जे भोंगे लावतात त्यांतून साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं काही बाहेर पडत नाही. कंजिऱ्याचा अर्धा जीव तिथेच आहे, खाली सरकणाऱ्या घुमाऱ्यात. भोंग्यावर सेल्वागणेश वाजवतील आणि लोकांना नुसती टकटक ऐकू येईल. पंधरा इंची स्पीकरचे दोन पूर्ण बॉक्स हवेत, चौक मोठा असेल तर सोबत एक बास. डीजेची भिंत नको. तिच्यात खंजेरी मरते.

खंजेरीचा माइक बंद करण्याऐवजी जागेवर लावा. बुवा तोंडासमोर खंजेरी धरून गातात, त्यामुळे झांजा थेट गाण्याच्या माइकमध्ये वाजतात आणि शब्द झाकतात. आवाजवाला मग गाण्याचा माइक वाढवतो, त्याने झांजा आणखी वाढतात, आणि शेवटी शिट्टी बसते. खंजेरी छातीच्या डाव्या बाजूला, गाण्याचा माइक हनुवटीच्या खालून तिरपा, खंजेरीला वेगळा माइक कातड्याच्या बाजूने दहा-बारा इंचांवर. तिच्या चॅनेलवर सहा ते आठ किलोहर्ट्झचा भाग थोडा उतरवायचा, सगळा नाही. कंजिऱ्याचा माइक जवळ, चार-पाच इंच, आणि त्याचा खर्ज कापायचा नाही. बहुतेक मिक्सरवर ‘लो कट’चं बटण आधीच दाबलेलं असतं, ते आठवणीने सोडा.

हवामानाचं म्हणाल तर वैशाखात हा कार्यक्रम करूच नये. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, ओलं केलेलं कातडं काही मिनिटांत सुकतं आणि कंजिरा चिरका होतो. पावसाळ्यात उलट, खंजेरीचं बकऱ्याचं कातडं ढिलं पडतं, दर दोन भजनांनी ती शेकावी लागते, आणि शेकोटीच्या फार जवळ नेली की कडेला फाटते. वीतभर लांब धरून फिरवत राहायची, तळवा चटकेल इतकी तापू द्यायची नाही. मला कार्तिक योग्य वाटतो. पहाटेचा काकडा चालू असतो, मंडळाचा गळा तयार असतो. फक्त रात्री दव उतरतं, म्हणून वर मांडव हवा. कंजिऱ्याला पाणी बोटांनी आतल्या बाजूने, थेंब-थेंब, आणि पाच मिनिटं थांबून मगच पुन्हा. एकदम ओतलं तर मठ्ठ होतो, मग तासभर विसरा.

एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. कंजिऱ्याचं पारंपरिक कातडं घोरपडीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. हे वाचून कोणी हौसेने आपल्या जंगलातली घोरपड मारून कंजिरा मढवायला जाऊ नका. तो गुन्हा आहे आणि पापही. पातळ बकऱ्याचं कातडं किंवा फायबरचा पडदा चालतो, घुमारा थोडा कमी मिळतो एवढंच.

बाकी नावं विचारलीत म्हणून थोडक्यात. शंकर महादेवन आले तर गायला हरकत नाही. मराठी त्यांच्या जिभेवर आहे, ‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५ च्या चित्रपटात सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यांनी ध्रुपदात बसावं, मुख्य गायक बुवाच. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म. त्यांची लयीशी चाललेली झटापट आणि खंजेरी, ही जोडी व्हायला हवी होती, पण ते १९८३ मध्येच गेले. झाकीरभाईही डिसेंबर २०२४ मध्ये गेले. तो दरवाजाही बंद झाला.

भजन ही उपासना आहे, तिचा कार्यक्रम करू नये, असं म्हणणारी माणसं गावात आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्या मंडळाला ते मान्य नसेल त्यांनी करू नये. पण ‘खंजेरी हे काही वाद्य नव्हे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि ते चालूच राहील. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी हीच खंजेरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. इंग्रजांनी १९४२ साली त्यांना तुरुंगात टाकलं, आणि १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. छनछनाटासाठी कोणी कोणाला तुरुंगात टाकत नाही.

जमेल का, याचं उत्तर: वाजवणाऱ्यांच्या बाजूने जमेल. दोन दिवस एकत्र तालीम पुरे, पहिला दिवस फक्त लयीच्या तीन पायऱ्यांसाठी. मंचावर दोघं एकमेकांपासून चार-पाच फुटांवर, हात दिसतील असे. सुरुवात मंडळाने करायची, पाच मिनिटं एकट्याने, सगळे माइक चालू ठेवून. मग कंजिऱ्याने आधी नुसता ठेका धरायचा.