सुरुवातीच्या इस्लामी राजवटीत इतर धर्मीयांना 'धर्म बदला नाहीतर मरा' एवढाच पर्याय होता का?

नाही. निदान इराण-इराकात तरी नाही. पुरावा माझ्या कपाटात आहे, म्हणून लिहायला बसलोय.

चांदीचं एक नाणं. राणीछाप रुपयाएवढं रुंद, वजन मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, चार ग्रॅमच्या आत. चिमटीत धरताना वाकेल की काय अशी भीती वाटते. एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला, इस्लामपूर्व इराणच्या ससानी घराण्यातला बादशहा, दुसरा खुस्रो त्याच्या नाण्यांवर दिसतो तसाच. मागच्या बाजूला अग्निवेदी, वर ज्वाळा, दोन्ही बाजूंना राखणीला उभे दोघे. सगळं इराणी. फक्त चेहऱ्याच्या खाली, उजव्या कडेला, अरबीत बारीक अक्षरं: बिस्मिल्ला. बादशहाच्या तोंडासमोर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीत नाव आहे ते खलिफाचा सुभेदार उबैदुल्ला बिन झियाद याचं. टांकसाळ बसरा, साल हिजरी ६० (इ.स. ६७९-८०). पुढच्याच वर्षी करबलात प्रेषितांचे नातू हुसैन यांना मारलं ते याच सुभेदाराच्या फौजेनं.

१९९६ साली मी हे घेतलं, जवळजवळ दोन पगार घालून. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते, तेव्हा हौसेनं दाखवलं. माझा थोरला भाऊ इतिहास भरपूर वाचतो, घरात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं भिंगही न घेता सांगितलं, "फसवलंय तुला. मुसलमान स्वतःच्या नाण्यावर अग्नी आणि माणसाचं तोंड पाडतील होय?" अख्खी पंगत हसली. रात्री बायकोनं हळूच विचारलं, "परत घेतील का हो ते?"

ते वाक्य मला फार लागलं. मी नाणं घेऊन कॅम्पातल्या एका पारशी आजोबांकडे गेलो. त्यांना पहलवी येत होती. खिडकीशी उभं राहून, एकेका अक्षराखाली नख ठेवत त्यांनी नाव वाचलं, साल वाचलं, गाव वाचलं. म्हणाले, असली इतर नाणी कितीतरी आहेत, त्यांतल्या काहींवर तर सालही यज्दगर्दी आहे. तेच साल, इ.स. ६३२ पासून मोजलेलं, जे त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं.

कारण सरळ आहे. अरबांनी ससानी फौज हरवली ती कादिसियाची लढाई ६३६ च्या सुमारास झाली, शेवटचा बादशहा तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. अरबांच्या हाती राज्य आलं, पण वसुलीच्या वह्या पहलवीत, कारकून जुनेच, टांकसाळीतले कारागीरही जुनेच. शेतकरी ओळखीच्या नाण्याशिवाय दुसरं घेईना. मग त्याच साच्यात 'बिस्मिल्ला' घातलं आणि काम चालू ठेवलं. खलिफा अब्द अल-मलिकनं हिजरी ७९ (इ.स. ६९८-९९) मध्ये नुसत्या अक्षरांचे दिरहम, म्हणजे चांदीची नाणी, पाडले, तेव्हा कुठे बादशहा आणि अग्नी गेले. त्याच काळात त्याचा सुभेदार हज्जाजनं इराकच्या वह्या अरबीत आणल्या. इराणात मुसलमान बहुसंख्य व्हायला तर त्यानंतरही पिढ्या गेल्या.

आता कोणी याच नाण्यावरून 'किती सहिष्णुता!' म्हणेल, तर तेही मला मान्य नाही. सोय आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी. झिझिया द्यावाच लागे, दर्जा दुय्यमच होता. अग्निपूजकांकडून झिझिया घेतला, पण ज्यू-ख्रिस्ती बायकांशी लग्न चालायचं तसं त्यांच्या बायकांशी चालत नसे. पुढे अग्निमंदिरं पाडली गेली, काहींच्या मशिदी झाल्या. मदिनेत ६२७ मध्ये बनू कुरैझा या ज्यू टोळीतल्या पुरुषांना मारलं, हेही इस्लामी परंपरेनंच नोंदवलेलं आहे. आणि खुद्द अरबस्तानातल्या मूर्तिपूजकांना झिझिया देऊन आपला धर्म पाळायची सवलत मिळाली नाही, त्यांच्यापुरतं 'धर्म बदला नाहीतर मरा' हे वाक्य बरंचसं खरं आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

पण म्हणून नाणं खोटं ठरत नाही. कोणी तुम्हाला 'ते लोक असं करणारच नाहीत' असं सांगितलं, तर आधी विचारा, वस्तू हातात घेऊन पाहिलीत का? वाचन कितीही असो, न बघता निकाल द्यायचा हक्क कोणालाच नाही, घरातल्या थोरल्यालाही नाही.

दादानं ते नाणं आजवर हातात घेतलेलं नाही. दिवाळीला तो येतोय. भिंग मी पुसून नाण्याच्या डबीशेजारी ठेवलंय.