रोबोटिक्सच्या शिबिराचे पैसे भरण्याआधी

ताई, मुलगा चौथीत आहे, रोबोटिक्सच्या शिबिराला घालू का, असं विचारलंत, तर घाई करू नका. आधी घरीच स्क्रॅच उघडून द्या, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची वेबसाइट. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं, 2007 पासून सगळ्यांसाठी खुलं, फुकट, आणि 8 ते 16 वयाच्या मुलांसाठीच बनवलेलं. महिनाभरात त्याचा ओढा कळेल.

मी स्वतः पहिल्यांदा चुकले. 10 दिवसांचं उन्हाळी शिबिर, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि काळ्या रेघेवरून धावणारी गाडी. घरी आल्यावर बॅटरीची एक वायर निघाली, आणि लेकीला ती कुठे लावायची हेच माहीत नव्हतं. जोडणी सगळी सरांनीच केलेली! फार वाईट वाटलं मला.

म्हणून आता एक तास मागे बसून बघू द्याल का, असं विचारतेच. दुसऱ्या क्लासमध्ये बघितलं, एलईडी, म्हणजे दोन तारांच्या पायांचा छोटा दिवा, लागत नव्हता. सरांनी हात लावला नाही, फक्त विचारलं, "लांब पाय कुठल्या बाजूला?" पोरीने उलटा करून लावला, लागला. तिथेच नाव घातलं.

एका सरांमागे मुलं किती, किट घरी मिळतं का, हेही विचारा. वर्षाची फी एकरकमी मागत असतील तर महिन्याचीच भरा. ईएमआयच्या कागदावर तर सही नकोच.

आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली, मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आहे का, चौकशी करून ठेवा. सहावीपासून त्याला तिथे जाता येईल.