अपडेट येईल म्हणून दोन वर्षं थांबलात?

पुण्याहून एका वाचकाचा मेल आलाय, मूळचे कोल्हापूरचे, नोकरी पुण्यात. थोडक्यात सांगते. २०२२ च्या धनत्रयोदशीला, म्हणजे २२ ऑक्टोबरला, त्यांनी कोल्हापुरातल्या एका दुकानातून नवा कोरा पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, घेतला. तेव्हा कन्सोलचा तुटवडा, त्यामुळे दुकानदार म्हणाला नुसता कन्सोल नाही, गेमसोबतच मिळेल, म्हणून फिफा २३ हा फुटबॉलचा गेम पण घेतला. कन्सोल ४९,९९० चा, गेम ३,९९९ चा. बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय 'फिफा २३ पीएस५', आणि घरी जाऊन पिशवी उघडली तर आत पीएस४ ची, म्हणजे आधीच्या पिढीच्या कन्सोलची डिस्क. दुकानदाराचं उत्तर, "चालतंय की ओ, अपडेट आलं की आपोआप पीएस५ हुतंय." आता दोन वर्षं होत आली आणि हे विचारतायत की गेम कंपनीवर केस करू का आणि पाच लाख मागू का.

असे मेल मला दर महिन्याला येतात, कधी मोबाईलचा, कधी फ्रिजचा, एकदा तर पलंगाचा होता. वस्तू बदलते, बाकी सगळं तेच. दुकानदार म्हणतो थांबा, माणूस थांबतो.

तर दादा, तुमचा गेम, तुमचा मनस्ताप, दुकानदाराचा उद्धटपणा हे सगळं जरा बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट बघा, तारीख. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. वस्तू हातात पडली २२ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे शेवटची तारीख २२ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. मी हे सप्टेंबर २०२४ मध्ये लिहितेय, तुमच्याकडे महिनासुद्धा नाही उरलेला. पितृपंधरवडा आहे, घटस्थापना झाली की बघू, दसऱ्याला मुहूर्त बरा, असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका.

तुमचा तो मित्र म्हणतो की दुकानदाराने जून २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून दोन वर्षं धरायची, म्हणजे जून २०२५ पर्यंत वेळ आहे. मित्र वकील आहे का? नसेल तर त्याला चहा पाजा आणि विषय संपवा. असा युक्तिवाद करता येतो, मी स्वतः केलाय, कधी चालला कधी नाही. पण डिस्क पीएस४ ची आहे हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं, तुम्हीच मेलमध्ये लिहिलंय की घरी आल्यावर भावाने डिस्कचा डबा बघून सांगितलं. मग समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणणार की कारण तेव्हाच घडलं, पुढचे सगळे मेसेज म्हणजे नुसता पत्रव्यवहार, आणि पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. त्यात तो बरोबर आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात सांगून ठेवलंय की आयोगाने आधी मुदत बघायची, मग बाकीचं. कुणी हरकत घेतली नाही तरी आयोगाला ती बघावीच लागते. तुम्ही पाठवलेले एकतीस मेसेज, त्यातले निम्मे 'सर प्लीज रिप्लाय' आणि दोन तर 'शुभ सकाळ', यांनी घड्याळ एक मिनिटही थांबलेलं नाही.

कलम ६९ मध्ये उशीर माफ करायची सोय आहे, पुरेसं कारण दाखवलं तर. 'दुकानदार अपडेट येईल म्हणाला' हे पुरेसं कारण होईल का? मला फार भरवसा वाटत नाही. आणि वेळ असताना तो जुगार खेळायचाच कशाला?

अपडेटचं तर ऐकूनच डोकं फिरलं माझं. आमच्याही घरात हा कन्सोल आहे, मुलगा रात्री एकपर्यंत त्याच्यासमोर असतो, त्यामुळे नाइलाजाने थोडं कळतं. फिफा २३ च्या साध्या आवृत्तीची पीएस४ डिस्क पीएस५ मध्ये घातली की पीएस४ चाच गेम चालतो, तो अपडेटने पीएस५ चा होत नाही, दोन्ही कन्सोलवर चालायची सोय फक्त महागड्या अल्टिमेट एडिशनला होती. खऱ्या मॅचमधल्या खेळाडूंच्या हालचाली टिपून बनवलेलं ते हायपरमोशन २ पीएस४ च्या गेममध्ये नाहीच. आणि क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवाल्यांनी एकमेकांशी ऑनलाइन खेळायची सोय, त्याच वर्षी पहिल्यांदा नीट आला पण तो एकाच पिढीच्या कन्सोलमध्ये, पीएस४ वाले एक्सबॉक्स वनवाल्यांशी, पीएस५ वाले नव्या एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांशी. म्हणून तर तुमचा हडपसरचा मित्र, ज्याच्याकडे पीएस५ चा गेम आहे, तो तुम्हाला कधी ऑनलाइन सापडलाच नाही आणि तुम्ही दोघं तीन महिने राउटर बदलत बसलात. हे वाचून हसू पण आलं आणि रागही आला. डब्यावर वर मोठ्या अक्षरात पीएस४ छापलेलं असतं हो! दुकानात काउंटरवर दहा सेकंद बघितलं असतं तर.

असो. बघितलं नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही, उलट याच ठिकाणी तुमची बाजू भक्कम आहे. कायद्यात 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत, कलम २(१०) मध्ये, विक्रेत्याने जो दावा केला त्यापेक्षा वस्तू कमी निघाली तर तोही दोषच धरलाय. बिलावर पीएस५ लिहिलं, दिलं पीएस४. यात गेम चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही. म्हणून गेम कंपनीला सध्या सोडा. कंपनीने पीएस४ चा गेम पीएस४ चा म्हणून बाजारात आणला, डब्यावर तसं छापलं, तो तसा चालतोय. चूक केली ती बिल लिहिणाऱ्याने. तुम्ही दुकानदाराला सोडून अमेरिकेतल्या कंपनीला पकडायला निघालाय, म्हणजे नोटीस बजावण्यातच वर्ष जाईल.

मेलमधली दोन पानं तुम्ही गेम किती रटाळ आहे यावर लिहिलीत, गोलकीपर पुतळ्यासारखा उभा राहतो, डिफेंडर आपोआप मागे पळतो, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींची मॅच बघितलेल्या माणसाला हा फुटबॉल वाटतच नाही वगैरे. पटलं मला, माझे वडील मला त्या मॅचला खांद्यावर बसवून न्यायचे. पण तक्रारीत यातली एक ओळही नको. मजा आली नाही हा कायद्यात दोष नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर कोनामी या कंपनीचा ईफुटबॉल हा गेम आला होता, खेळाडूंचे चेहरे असे काही की जगभर हसं झालं, कंपनीने जाहीर माफी मागितली, पण तो गेम फुकट होता, मोबदला दिलाच नाही तर आपल्या कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. तुम्ही पैसे मोजलेत, पण ते कशासाठी मोजले ते बिलावर आहे, तेवढंच बोला. आयोगाच्या सदस्यांना ऑफसाइड समजावत बसलात तर पुढची तारीख मिळेल, दुसरं काही नाही.

बिलाच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलंय म्हणून तुम्ही घाबरलायत. घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हे कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा स्वतःच तीस दिवस धरतो, आणि तुमचा पहिला मेसेज २४ ऑक्टोबरचा आहे, लक्ष्मीपूजनाचा. तेवढं एक तरी तुम्ही वेळेवर केलंत. त्या छापील ओळीने मनासारखी वस्तू निघाली नाही म्हणून परत करणारा माणूस अडतो, चुकीची वस्तू मिळालेला नाही.

गेम घेतल्याशिवाय कन्सोल देणार नाही, हे बळजबरीचं जोडविकणंही कलम २(४१) मध्ये बसतं, प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून. लिहा तक्रारीत. पण हे सगळं तोंडी झालं, साक्षीला तुमचा भाऊच, त्यामुळे यावर फार भिस्त ठेवू नका.

आता कामाचं. नोटीस पाठवू का असं विचारलंय. एरवी मी हो म्हटलं असतं, इथे नको, ग्राहक तक्रारीआधी नोटीस सक्तीची नाही आणि पंधरा दिवस तिच्या उत्तराची वाट बघण्यात घालवायची तुमची ऐपत उरलेली नाही. थेट ई-दाखिल या सरकारी पोर्टलवर (२०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती) ऑनलाइन तक्रार भरा. दुकान कोल्हापूरचं असलं तरी तुम्ही पुण्यात राहता, कलम ३४ मुळे पुण्याच्या जिल्हा आयोगात करता येते, दर तारखेला कोल्हापूरची गाडी पकडायची गरज नाही. पुण्याचा पत्ता दाखवायला भाडेकरार किंवा आधार जोडा. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे त्यामुळे फी शून्य. छाननीत काहीतरी त्रुटी काढतातच, अ‍ॅफिडेव्हिटवर सही राहिली, पान नीट स्कॅन झालं नाही, म्हणून २१ तारखेला रात्री अकराला अपलोड करू नका, १० तारखेच्या आत संपवा. आणि मुदतीतच आहे असं एक वाक्य तारखांसकट तक्रारीत घाला, लोक नेमकं तेच विसरतात.

पुरावे म्हणून बिल. कार्ड स्वाइपची चिठ्ठी तुम्ही फोटोत पाठवलीय ती पार पांढरी पडलीय, काही वाचता येत नाही, त्यापेक्षा त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट काढा. डिस्क आणि डब्याचे दोन्ही बाजूंनी फोटो. पीएस५ च्या होम स्क्रीनवर गेमच्या नावाशेजारी पीएस४ अशी छोटी खूण दिसते, टीव्हीचा तो फोटो घ्या, त्यामुळे वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा फाटा फुटणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, त्यातही दुकानदाराचा तो 'पीएस५ वालाच हाय सर' मेसेज सगळ्यात वर. त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३. आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका ताठर नसतो, पण जोडलेलं बरं.

पाच लाखांचं विसरा. गेमचे ३,९९९ रुपये व्याजासह, त्रासाबद्दल माफक रक्कम आणि खर्च, एवढं मागा. तुम्ही तीच डिस्क दोन वर्षं खेळलात, दोन सीझन संपवले, हे समोरचा विचारणारच, आणि आयोग त्यामुळे रक्कम कमी करू शकतो. गेममधल्या अल्टिमेट टीम या प्रकारात खेळाडू मिळवायला लागणारे पॉइंट विकत घेण्यात घातलेल्या सात हजारांचं मला काही सांगता येत नाही. बेल्जियममध्ये २०१९ पासून त्या पॉइंटची विक्रीच बंद झाली, नेदरलँड्समध्ये मात्र कंपनीला लावलेला दंड २०२२ मध्ये वरच्या कोर्टात रद्द झाला, आपल्याकडे या गोष्टीवर स्पष्ट कायदा नाही. ते पैसे तुम्ही रात्री दीड वाजता स्वतःच्या मर्जीने घातलेत, दुकानदाराच्या माथी मारू नका.

डाउनलोड करून गेम घेणाऱ्यांचेही बरेच मेल आहेत, त्यांना एवढंच, की डिस्कवरचं तयार सॉफ्टवेअर म्हणजे माल हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये टीसीएसच्या निकालात सांगितलं, तो निकाल विक्रीकराचा होता पण उपयोगी पडतो. डाउनलोडला माल म्हणायचं की सेवा यावर वाद घालता येतो, तुमची केस वेगळी बघावी लागेल. आणि अटींमध्ये लवादाची, म्हणजे वाद कोर्टाबाहेर लवादाकडेच सोडवायची अट आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग, २०१८.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करा. प्रयत्न! माझ्याकडे एका काकूंची वॉशिंग मशीनची केस आहे, मशीन भंगारवाला घेऊन गेला, काकूंनी दुसरं घेतलं, त्याचीही वॉरंटी संपली, केस अजून युक्तिवादाला आहे. दुकानदाराला उत्तर द्यायला तीस आणि जास्तीत जास्त वर पंधरा दिवस, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं की त्याच्यापुढे एक दिवस नाही, हा एक चांगला निकाल आहे, तो छापून फाईलला लावा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी उभे राहा. बहुतेक असे दुकानदार आयोगाची नोटीस हातात पडली की फोन करतात. केला तर तडजोड करा, पण लेखी, आयोगासमोर, आणि पैसे खात्यात आल्यावरच सही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की २७ सप्टेंबरला एफसी २५, म्हणजे याच मालिकेतला नवा गेम, येतोय तर जुनी डिस्क एक्सचेंजला देऊन तीनचारशे सुटतील. देऊ नका हो! ती डिस्क म्हणजेच तुमची केस. डब्यासकट एका पाकिटात घाला, वर बिलाची झेरॉक्स लावा, आणि भावाला सांगून ठेवा की हात लावायचा नाही.